तीनची गोळी

हळू आलेली गोळी जास्त खोल जाते, असं सांगितलं की ऐकणारा हसतो. दिगंबर साळुंखे प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे वाक्य ऐकवायचे आणि पाहुणा हसला की खूश व्हायचे. मंत्री हसले होते, कॉलेजची पोरं हसली होती, एक परदेशी गुंतवणूकदार तर दुभाष्याने सांगण्याआधीच हसला होता. मग साळुंखे कपाटातून एक जुनी ॲल्युमिनियमची पाटी काढून त्यांच्या हातात द्यायचे. पाटीला भोक होतं आणि त्यातून पलीकडचं दिसायचं. हसणं तिथे थांबायचं.

हे ज्याला इतकं तोंडपाठ, त्याच माणसाच्या हातून ते निसटावं, याला काय म्हणायचं? नशीब म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सोय आहे. पण नशिबाला मध्ये न आणलेलंच बरं.

प्रयोगशाळा विट्याच्या पुढे घाटमाथ्यावर, एका बंद पडलेल्या सहकारी सूतगिरणीत होती. सहकारी संस्था बुडाली की तिच्या इमारतीचं सहसा मंगल कार्यालय होतं. या गिरणीचं तेवढं टळलं, कारण 'अभेद्य' नावाच्या कंपनीला एक लांबच लांब, सरळ शेड हवी होती. कंपनी अवकाशयानांची चिलखतं बनवायची, आणि ती तपासायची तोफ आगगाडीच्या डब्यापेक्षा लांब होती. कामगारांनी तिचं नाव ठेवलं होतं थोरली. साळुंखे तिचे प्रमुख. तिची किल्ली त्यांच्या कमरेला असायची आणि झोपतानाच ती खुंटीवर जायची.

थोरलीचं काम दोन टप्प्यांत चाले. आधी साधी बंदुकीची दारू पेटायची आणि एका जड दट्ट्याला पुढे ढकलायची. सायकलच्या पंपात हवा दाबावी तसा तो दट्ट्या समोरचा हायड्रोजन दाबत न्यायचा. दाब असह्य झाला की मधला पोलादी पडदा फाटायचा आणि तो हलका वायू ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घेऊन सुटायचा. सेकंदाला सात किलोमीटर. या वेगाने विट्याहून पुण्याला जायला अर्धं मिनिटही लागत नाही. कक्षेतला कचरा, म्हणजे फुटलेल्या उपग्रहांचे तुकडे, सुटलेले स्क्रू, रंगाचे पोपडे, साधारण अशाच वेगाने किंवा त्याहून जोरात येऊन आदळतो.

आता चिलखताचं. जाड भिंत बांधून ही गोळी अडत नाही, आणि जाड भिंत वर नेणं कुणाला परवडतही नाही. म्हणून पूर्वीपासून दुपदरी चिलखत करतात. बाहेर एक पातळ पत्रा, मग मोकळी जागा, मग आतली भिंत. गोळी पातळ पत्र्यावर इतक्या जोरात आपटते की तिचाच भुगा होतो, तो भुगा मोकळ्या जागेत पसरतो आणि आतल्या भिंतीवर नुसता धुरळा बसतो. गंमत अशी की यात गोळीचा वेगच तिचा वैरी. तीच गोळी सेकंदाला तीन किलोमीटरने आली तर तिचा भुगा होत नाही. ती अख्खीच्या अख्खी पत्रा ओलांडून आतल्या भिंतीवर जाते. साळुंख्यांच्या कपाटातली पाटी अशीच फुटलेली होती.

'अभेद्य' चालवणाऱ्या डॉ. रेवती चांदोरकरांनी या दुपदरी चिलखतात क्रांती केली. हा शब्द मी जपून वापरतो, पण इथे तो चपखल आहे. त्यांनी चिनी मातीच्या जातीचे बारीक दाणे बनवले आणि प्रत्येक दाण्याच्या पोटात वायू कोंडला. हे दाणे दोन पदरांच्या मध्ये भरायचे. बाहेरून गोळी आदळली की तिच्या उष्णतेने आजूबाजूचे दाणे फटाफट फुलतात, भुगा पकडतात आणि भोकही बुजवतात. बाईंनी त्याला भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. शेडमधल्या तात्या माने नावाच्या मेकॅनिकने पहिला प्रयोग बघितला आणि म्हणाला, "ही तर लाही झाली की!" तेच नाव राहिलं.

लाहीमुळे आतली भिंत पूर्वीच्या एक तृतीयांश जाडीची झाली. वजन घटलं, खर्च घटला, आणि 'मेरू' हे सहा माणसांचं अवकाश स्थानक कागदावरून कक्षेत गेलं. त्या सहांतली एक होती केतकी साळुंखे, दिगंबररावांची एकुलती एक मुलगी.

*

ज्या दिवशी चूक झाली तो दिवस फार आनंदाचा होता. तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. केतकी नुकतीच 'अभेद्य'मध्ये नोकरीला लागली होती; मेरूसाठी तिची निवड पुढे झाली. शेडमध्ये सगळी हत्यारं मांडली होती, पाने, ड्रिल, वेल्डिंगच्या बंदुका, त्यांवर हळदकुंकू. केतकीने झेंडूचा भलामोठा हार थोरलीच्या नळीला घातला, हार घालताना कुणीतरी फोटो काढला, तात्याने नारळ फोडला.

मेरूच्या चिलखताच्या सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. अकराची, म्हणजे सेकंदाला अकरा किलोमीटरची, गोळी तोफेला जमत नाही, ती गणितावर सोडतात. सातची झाली, सहाची, पाचची, चारची झाली. तीनची तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, चिलखत ट्रकने निघणार होतं. साळुंखे हात पुसत म्हणाले, "तात्या, हार जरा बाजूला घ्या. एवढी एक उडवून टाकू."

"बाबा, आज?" केतकी म्हणाली.

"एकच आहे गं. तासाभराचं काम."

"आई आज शिलाई मशीनला हात लावायची नाही. गिऱ्हाईक दारात येऊन बसलं तरी नाही. म्हणायची, वर्षभर राबते बिचारी, एक दिवस तरी तिला देव होऊ दे." केतकीने तोफेवर हात ठेवला. "हार घातलेल्या हत्याराला कामाला लावायचं नसतं, बाबा. माझी पहिली पूजा आहे. आज नको ना."

केतकीची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरातलं ते शिलाई मशीन अजून झाकून ठेवलेलं होतं. साळुंख्यांनी चांदोरकरबाईंना पुण्याला फोन लावला आणि ट्रक दोन दिवस थांबवता येईल का विचारलं.

"ट्रक कसला थांबवताय?" बाई म्हणाल्या. "सातला दाणे फुलले, चारला फुलले. तीनला काय संपावर जाणारेत? रेघ पुढे ओढा. आणि तीनने येणारा कचरा त्या कक्षेत आहे तरी कुठे?"

हे खरंच होतं. त्या वेळी नव्हता. साळुंख्यांनी आलेखावर चारपासून तीनपर्यंत तुटक रेघ ओढली. पुढे कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात चित्रकाराने ती जोडून टाकली, कारण तुटक रेघ दिसायला बरी दिसत नव्हती. त्या संध्याकाळी सगळ्यांनी शेडमध्येच श्रीखंडपुरी खाल्ली.

*

तीन वर्षांत वर बरंच काही बदललं. विषुववृत्तावरच्या देशांना स्वस्त इंटरनेट द्यायचं म्हणून शेकडो छोट्या उपग्रहांची एक माळ सोडली गेली. भाद्रपदात त्यातल्या एका उपग्रहाची बॅटरी फुटली, त्याचे तुकडे शेजाऱ्यावर आदळले, शेजाऱ्याचे त्याच्या शेजाऱ्यावर. हजारो तुकड्यांचा एक ढग झाला आणि तो हळूहळू मेरूच्या उंचीवर उतरू लागला.

साळुंखे सकाळी भाकरी खात बातम्या बघत होते. पडद्यावरची मुलगी प्रसन्न चेहऱ्याने सांगत होती की घाबरण्याचं कारण नाही. मेरूही विषुववृत्ताजवळूनच फिरतं, त्यामुळे हे तुकडे समोरून येणार नाहीत, शेजारच्या लेनमधली गाडी तिरकी आत घुसावी तसे येतील. नेहमीच्या दहा-बारा किलोमीटरऐवजी त्यांचा वेग असेल सेकंदाला जेमतेम तीन.

भाकरीचा तुकडा साळुंख्यांच्या हातातच राहिला. पाटीचं भोक त्यांना आठवलं, आणि मग हार.

ते तसेच उठून शेडवर गेले. लाहीचा जुना नमुना गोदामात होता. तात्याने काही न विचारता दारू मोजली, नेहमीपेक्षा कमी. थोरली उडाली तेव्हा आवाजही हलका आला. नळीच्या टोकाशी असलेल्या चाचणीकक्षाचं दार उघडून दोघं आत वाकले.

बाहेरच्या पत्र्याला गोल, नीटस भोक होतं. आत लाहीचे दाणे जसेच्या तसे बसले होते, पांढरे, थंड. एकही फुलला नव्हता. गोळी त्यांच्यातून वाट काढत गेली होती आणि आतल्या पातळ भिंतीला आरपार भोक पाडून मागच्या वाळूत रुतली होती.

"कढई तापलीच न्हाई, साहेब," तात्या हळूच म्हणाला. "लाही फुटंल कशी?"

चारपर्यंत पुरेल एवढी उष्णता होत होती आणि तीनला होत नव्हती. मध्ये कुठेतरी उंबरठा होता, आणि त्या उंबरठ्यावरून साळुंख्यांनी डोळे मिटून रेघ ओढली होती. ते तिथल्या स्टुलावर बसले. भीती काय असते ते त्यांना बायकोच्या आजारपणात कळलं होतं. ती पुन्हा येऊन अंगावर बसली.

*

चांदोरकरबाई त्याच दुपारी गाडी काढून आल्या. सकाळी फुटलेल्या नमुन्याची पाटी त्यांनी बराच वेळ हातात धरली. बाई वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत कुणीतरी वाईट असलं की आपल्याला बरं वाटतं.

"एक गोळी म्हणजे निकाल नव्हे, दिगंबरराव," त्या म्हणाल्या. "हे तुम्हीच मला शिकवलंत."

"आणखी मारतो. रात्रंदिवस मारतो. पण आधी पोरांना खाली बोलवा."

"मेरू सोडून? ते सोडलं तर पुन्हा ताब्यात येईलच असं नाही. आणि लाही फक्त मेरूवर आहे का? चाळीस उपग्रह आहेत, दोन परकी स्थानकं आहेत. मी आज तोंड उघडलं तर उद्या कंपनी राहणार नाही. मला वकिलांशी बोलू द्या, त्रयस्थ साक्षीदारासमोर पाच चाचण्या होऊ द्या."

"तोवर ढग येईल."

"म्हणून तर नियम आहे ना? ढगाची वेळ झाली की सगळे लाहीच्या दालनात—" बाई थांबल्या.

मेरूवर तीन दालनं होती. त्यांतलं मधलं लाहीचं. धोक्याची सूचना आली की मेरूवरच्या माणसांनी तिथे जाऊन दार लावून घ्यायचं, असा लेखी आदेश होता, कारण ती स्थानकातली सर्वांत सुरक्षित जागा होती. टोकाचं कोठार जुन्या पद्धतीचं होतं, जाड भिंतीचं, पोत्यांनी आणि पिशव्यांनी भरलेलं. त्याला कुणी विचारत नव्हतं.

"तेवढं तरी बदला," साळुंखे म्हणाले. "कोठारात बसा म्हणावं. एवढा एक निरोप द्या, बाई. माझी पोरगी आहे तिथे."

"बदललं म्हणजे कबूल केलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी त्यांनी तेच म्हटलं. वीस वर्षांचा स्नेह होता दोघांचा. केतकीच्या आईच्या शेवटच्या दिवसांत बाई दवाखान्यात उशाशी बसल्या होत्या. साळुंख्यांनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं आणि दार लावून दिलं.

*

घरच्यांना आठवड्यातून एकदा मेरूशी बोलता यायचं. त्या संभाषणावर कंपनीचा माणूस कान ठेवून असायचा. कामाचं काही निघालं की तो लाइन तोडायचा.

केतकी पडद्यावर आली ती हसतच. केस चारी बाजूंना तरंगत होते.

"काय बाबा, चेहरा का पाडलाय? ढगाचं ऐकलंत वाटतं. इथे सगळे टरकलेत, मी त्यांना सांगतेय, माझ्या बापाने तपासलेलं चिलखत आहे, बसा निवांत." तिने खिशातून एक फोटो काढून दाखवला. झेंडूचा हार, थोरलीची नळी, मध्ये चोवीस वर्षांची केतकी. "हा तर मी तावीजासारखा ठेवते जवळ."

साळुंख्यांनी दहा वाक्यं तयार करून ठेवली होती, आडवळणाची. फोटो बघितला आणि सगळी विसरले.

"केतकी, ऐक. लाहीत बसू नको. तीनला दाणे फुलत नाहीत. मी मारून बघितली. आरपार जाते. कोठारात जा, पोत्यांच्या मागे. सगळ्यांना ने. तीनची चाचणी तेव्हा झालीच नव्हती, माझ्याकडून राहिली, माझ्याकडून—"

पडदा काळा झाला. शेवटचं तिला कितपत ऐकू गेलं, त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्याच संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं की चौकशी होईपर्यंत त्यांनी शेडवर येऊ नये. साळुंख्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले. वॉचमनने त्यांच्याकडे बघितलं आणि फाटक उघडलं.

*

वर काय झालं ते पुढे सगळ्या देशाला कळलं, पण ते तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. केतकी थेट कमांडर राठोडांकडे गेली. राठोड यवतमाळकडचे, नौदलात उमर काढलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या वडलांच्या फोनवर मी लेखी आदेश मोडू शकत नाही," ते म्हणाले.

"सर, बाबा खोटं बोलत नाहीत."

"मी कुठे म्हटलं खोटं बोलतात?" राठोड दालनाच्या दाराकडे वळले. मग त्यांनी बाकीच्यांना हाक मारली. "कोठाराची अवस्था बघवत नाही. पोती कशीही बांधलीत. पाचही जणांनी जाऊन ती नीट लावा. मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"आदेशात लिहिलंय, सूचनेच्या वेळी दालनात माणूस पाहिजे, दार आतून लावलेलं पाहिजे. तेवढं मी करतो. आदेशही पाळला गेला आणि कोठारही लागलं." ते हसले. "तुझे वडील चुकले असले तर खाली गेल्यावर त्यांच्याकडून जेवण घेईन. तांबडा रस्सा. सांग त्यांना."

ढग आला. कोठाराच्या जाड भिंतीवर टिपरी पडल्यासारखे आवाज आले, मोजके, मग थांबले. एक तुकडा आत शिरला आणि पिठाच्या पोत्यात जिरला. पाचांपैकी कुणाला खरचटलंही नाही. मधल्या दालनातला दाबाचा काटा मात्र एकदम खाली आला आणि खालीच राहिला. केतकी इंटरकॉमवर हाका मारत राहिली. तिकडून कुणी बोललं नाही.

साळुंख्यांना ही बातमी शेडमध्येच कळली. त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. पोरगी वाचली म्हणून त्यांना जो आनंद झाला त्याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद जाईना. यवतमाळकडच्या कुठल्याशा घरात या वेळी काय चाललं असेल, हे त्यांना बघितल्यासारखं दिसत होतं.

*

आता सगळ्यांना सगळं पटलं. चांदोरकरबाईंनी स्वतः टीव्हीवर येऊन कबुली दिली, कंपनीच्या दाराला पोलीस बसले, आणि साळुंख्यांना शेडवर येऊ नका म्हणणारेच फोन करून विचारू लागले की आता काय करायचं.

प्रश्न सरळ होता. मधलं दालन गेल्यामुळे हवा शुद्ध करणारं यंत्र गेलं होतं. कोठारातली हवा संपत आली होती. खाली यायला यान होतं, कोठाराला जोडलेलं, धडधाकट. फक्त त्यालाही चिलखत लाहीचंच होतं. सुटल्यापासून वातावरणात शिरेपर्यंत काही तास त्या पातळ भिंतींमागे बसायचं होतं आणि ढग तिथेच होता. यानातली जागा आणि वजन मोजकं. कोठारातलं काय उचलून भिंतीला लावलं तर गोळी अडेल? पोती, कपडे, की पाण्याच्या पिशव्या? आणि किती थर? हे सांगू शकणारी तोफ देशात एकच होती.

तो दिवस खंडेनवमीचा होता. कुणाच्या लक्षात नव्हतं. तात्या मात्र सवयीने पहाटे बाजारात जाऊन आला होता आणि दुरडी हातात घेऊन दारातच घुटमळत उभा राहिला.

"हार आणल्यात, साहेब. कुठं ठिवू?"

"ठेवा कुठेही. गोळी भरा."

सकाळपासून थोरली तीनने मारत होती. लाहीमागे कपड्यांच्या घड्या लावल्या, आरपार. पिठाचं पोतं लावलं, गोळी अडली, पण ते यानात मावणारं नव्हतं. पाण्याच्या पिशव्यांचा एक थर, आरपार. पिशवी फुटून कक्षात चिखल झाला. तात्याने तो पुसला. पाण्याचे दोन थर लावले आणि मारली. पुन्हा तसंच करून मारली. पुन्हा मारली. तिन्ही वेळा दुसरी पिशवी शाबूत निघाली. साळुंख्यांनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि मग मेरूशी लाइन जोडायला सांगितली. या वेळी लाइन तोडणारं कुणी नव्हतं.

केतकी पडद्यावर आली. हसली नाही. ओठ सुकले होते, बोलताना ती मध्येच श्वास घ्यायला थांबत होती.

"बोला, बाबा."

"पाण्याचे दोन थर. एकाने भागत नाही. दोन थर असले तर ज्वारीएवढा तुकडा अडतो. त्याहून मोठा नाही अडत."

ती शेजारच्याशी काहीतरी बोलली. पिशव्या मोजल्या जात होत्या.

"दोन थरांचं पाणी एकाच भिंतीला पुरतंय," ती म्हणाली. "बाकी उघड्या राहतील."

"ढग ज्या अंगाने येतो ती भिंत त्याच्याकडे ठेवून यायचं. वळायचं नाही. बहुतेक सगळे तिकडूनच येतात."

"बहुतेक."

"हो. बहुतेक." या पोरीशी आता गोड बोलायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

केतकीने कान टवकारले. मग म्हणाली, "मागे थोरलीचा आवाज येतोय का? आज खंडेनवमी ना?"

"हो."

"मला वाटलंच. सकाळपासून मी तोच विचार करतेय." तिने खिशातून फोटो काढला. कोपरा दुमडला होता. "तुम्ही म्हणालात, माझ्याकडून राहिली. लाइन तुटण्याआधी मी ऐकलं. पण तुमच्याकडून नव्हती राहिली, बाबा. तुम्ही तर तात्यांना हार बाजूला घ्या म्हणाला होतात."

"तसं काही नव्हतं. बाईंचा ट्रक—"

"फोटो माझ्या हातात आहे. त्यात हारही माझ्याच हातात आहे." तिचे डोळे भरले. तिथे अश्रू गळत नाहीत, डोळ्यांवरच साचून राहतात. तिने ते बाहीने टिपले. "राठोड सर माझ्यामुळे गेले."

शेडमध्ये सगळे थांबले होते. साळुंखे पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"केतकी, इकडे बघ. हट्ट करायला पोरगी असते. नाही म्हणायला बाप असतो. तोफेची किल्ली तुझ्या कमरेला नव्हती, माझ्या होती. मी नाही म्हणालो नाही, कारण तू तुझ्या आईसारखी उभी होतीस आणि मला ते बघवेना, आणि बरंही वाटलं. त्याची किंमत राठोडांनी दिली. ती मी भोगीन, जन्मभर. तू तुझ्या वाट्याची भोग, मी नको म्हणत नाही. पण खाली येऊन भोग."

केतकीने फोटोचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मागून कुणीतरी तिला हाक मारली. पिशव्या लावून झाल्या होत्या.

"तोफ थांबवू नका, बाबा," ती म्हणाली. "आम्ही सुटेपर्यंत आणखी काही सापडलं तर कळवा."

"थांबवत नाही."

"उद्या दसरा." तिने फोटो परत खिशात घातला आणि चेन लावली. "सोनं ठेवा माझ्यासाठी. येते मग."

आपल्याकडे घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही. ती शाळेला निघतानाही असंच म्हणायची, दप्तर पाठीवर टाकून, मागे न बघता.

पडदा रिकामा झाला. साळुंखे वळले. तात्या दुरडीजवळ उभा होता, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून.

"काय बघताय, तात्या? त्या पाण्यात मीठ टाकून दाट करून बघू. आणि पिशवीमागे घोंगडी. भरा गोळी."

तात्याने दारू मोजली. थोरली पुन्हा उडाली आणि छपराच्या पत्र्याखाली बसलेली पारवी भरारा बाहेर पडली. धूर विरायच्या आत साळुंखे कक्षाचं दार उघडून भोक बघायला आत वाकले.